संगणकाची प्रकृती आणि आपले पथ्यपाणी

वाचकहो, आरोग्याच्या सदरात संगणक कुठून आला, असा प्रश्न आपल्याला पडेल. कारण साधे आहे. गेल्या काही वर्षांत दवाखान्यात येणाऱ्या तक्रारींत एका नव्या कारणाची भर पडली आहे. छातीत धडधड होते, झोप लागत नाही, जेवणावर वासना नाही, रक्तदाब वाढलेला. हृदयाचा आलेख काढावा, तर तो ठीक असतो. नातेवाइकांना जरा बाहेर बसवून शांतपणे विचारले की खरी गोष्ट कळते. कोणाच्या संगणकावर लाल अक्षरांत धमकी आलेली असते, कोणाचे खात्यातले पैसे गेलेले असतात, तर कोणाचे मुलीच्या लग्नाचे सगळे फोटो एका रात्रीत नाहीसे झालेले असतात.

असेच एक गृहस्थ मध्यंतरी आले होते. पूर्वी १३० असलेला वरचा रक्तदाब १९० वर गेलेला. संगणकात 'व्हायरस' असल्याची सूचना पडद्यावर आली, खाली दिलेल्या क्रमांकावर त्यांनी फोन केला आणि समोरच्याच्या सांगण्याप्रमाणे करत गेले. निवृत्तीच्या पैशातली मोठी रक्कम गेली. आठ दिवस त्यांनी घरात कोणाला सांगितले नव्हते. गोळ्यांनी रक्तदाब उतरला, पण पैसे परत मिळवण्याची जी खरी वेळ होती ती या आठ दिवसांत निघून गेली होती.

आता घरगुती संगणक शहरापुरता राहिलेला नाही. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, जिथून घाट खाली मुरबाडकडे उतरतो, त्या आहुप्याच्या बाजूलाही पुण्यात नोकरीस असलेला मुलगा आपला जुना संगणक गावी आणून ठेवतो. सातबारा, जातीचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, मुलांचे प्रकल्प, सारे त्यावर चालते. पण बिघाड झाला तर दुरुस्तीला घोडेगाव किंवा मंचर गाठावे लागते. म्हणून घरच्या घरी करता येण्यासारखे उपाय आणि पाळायचे पथ्य आज पाहू.

रोग जुना आहे

संगणकाच्या विषाणूचा इतिहास आपल्यापासून फार दूर नाही. घरगुती संगणकांत पसरलेला सुरुवातीचा प्रसिद्ध विषाणू 'ब्रेन' १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी तयार केला. तो फ्लॉपीतून पसरे. १९९० साली भारतात 'जोशी' नावाचा विषाणू सापडला. दरवर्षी ५ जानेवारीला तो संगणक अडवून ठेवी आणि 'हॅपी बर्थडे जोशी' असे टाइप करायला सांगे. तेवढे केले की संगणक पुन्हा चालू! आज हे ऐकून हसू येते. मात्र त्याच काळातला 'मायकेलअँजेलो' विषाणू ६ मार्चला डिस्कवरची माहितीच खराब करून टाकी.

याच काळात पुण्यात कॅलक्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि त्यांचे संगणक शिकणारे धाकटे बंधू संजय यांनी विषाणू काढणारा प्रोग्रॅम तयार केला. १९९० च्या दशकाच्या मध्यास तो 'क्विक हील' नावाने बाजारात आला. दहावीनंतर कामाला लागलेल्या तरुणाने उभा केलेला हा धंदा पुढे शेअर बाजारात नोंदला गेला. हे जाहिरात म्हणून सांगत नाही. या रोगावरचा इलाज शोधणारी माणसे आपल्यातलीच होती, एवढेच सांगायचे आहे.

पुढे रोगाचे स्वरूप पालटले. खोडसाळपणा मागे पडला आणि पैसा हा हेतू झाला. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत घातक प्रोग्रॅम शिरवून अवघ्या काही तासांच्या व्यवहारांत सुमारे ९४ कोटी रुपये काढले गेले. बनावट कार्डांनी पैसे काढणारी माणसे २८ देशांत होती. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या खंडणीखोर विषाणूने इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयांचे संगणक बंद पाडले. शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या, रुग्णवाहिका दुसरीकडे वळवाव्या लागल्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर असाच हल्ला झाला आणि बरेच दिवस केसपेपर हाताने लिहिण्याची पाळी आली. तेव्हा संगणकाचा आणि आरोग्याचा संबंध नाही, असे आता म्हणता येणार नाही.

आधी लक्षणे नीट लिहा

रुग्ण येऊन 'डॉक्टर, बरे वाटत नाही' एवढेच म्हणाला, तर निदान होत नाही. कधीपासून, कुठे, कशाने वाढते, हे विचारावे लागते. संगणकाचेही तसेच. पडद्यावर आलेला मजकूर जसाच्या तसा कागदावर उतरवून घ्या, किंवा मोबाईलवर त्याचा फोटो काढा. बिघाड होण्यापूर्वी नवे काय केले, कोणता पेनड्राइव्ह लावला, कोणता प्रोग्रॅम टाकला, वीज गेली होती का, तेही लिहा. एवढ्या माहितीवर दुरुस्ती करणाऱ्याचा अर्धा वेळ आणि आपले पैसे वाचतात.

मग साध्यापासून सुरुवात करावी.

संगणक सुरूच होत नसेल, तर प्लग, बोर्डाचे बटण आणि यू. पी. एस. पाहावा. यू. पी. एस. ची बॅटरी दोन-चार वर्षांत थकते. थेट बोर्डाला जोडून संगणक चालला, तर दोष तिथे आहे. संगणकाचा आवाज येतो पण पडदा काळा असेल, तर मॉनिटरची तार सैल झालेली असते. सुरू करताना 'बीप, बीप' असे आवाज येऊन थांबत असेल, तर बहुधा मेमरीची पट्टी नीट बसलेली नसते. वीज पूर्ण बंद करून, प्लग काढून, आधी संगणकाच्या धातूच्या सांगाड्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवावी. मग पट्टी काढून तिच्या सोनेरी कडा शाळकरी खोडरबराने हलक्या पुसाव्यात आणि पट्टी खटकन बसेपर्यंत दाबावी. अर्धी दुखणी एवढ्याने बरी होतात.

घड्याळ रोज मागे जात असेल आणि ओळखीची संकेतस्थळेही 'सुरक्षित नाही' असे सांगू लागली, तर विषाणूची शंका घेण्याआधी संगणकाची तारीख बघा. आत नाण्याएवढा एक सेल असतो, सी. आर. २०३२ नावाचा. तो संपला की वीज गेल्यावर तारीख चुकते आणि तारीख चुकली की संकेतस्थळाच्या सुरक्षेचा दाखला संगणकाला खोटा वाटतो. घड्याळजीकडेही मिळणारा हा सेल बदलला की काम झाले.

संगणक मंदावला असेल, तर आधी डिस्कवर जागा किती उरली ते पाहावे. सुरू होताना आपोआप उघडणारे अनावश्यक प्रोग्रॅम बंद करावेत. पंख्यातली धूळ काढावी. धूळ साचली की यंत्र तापते आणि तापले की हळू चालते. जुनी फिरणारी डिस्क काढून नवी एस. एस. डी. बसवली, तर सात-आठ वर्षांचा संगणकही तरतरीत होतो. मात्र डिस्कमधून 'टक् टक्' असा आवाज येऊ लागला, तर तो हृदयविकाराच्या इशाऱ्यासारखा समजावा. वारंवार बंद-चालू करून पाहू नये. शक्य असेल तेवढी महत्त्वाची माहिती ताबडतोब दुसरीकडे उतरवून घ्यावी.

पावसाळा

आहुपे, डोण, तिरपाड या पट्ट्यातला पाऊस ज्याने पाहिला आहे, त्याला वेगळे सांगायला नको. चार महिने भिंतींना ओल, कपड्यांना कुबट वास. माणसाचा दमा या दिवसांत वाढतो तशी संगणकाचीही तक्रार वाढते. यंत्र ओल्या भिंतीपासून वीतभर दूर आणि जमिनीपासून उंच ठेवावे. काम नसले तरी रोज अर्धा तास चालू ठेवावे, म्हणजे आतली उब ओल घालवते. चालू असताना त्यावर प्लास्टिकचे आवरण मुळीच घालू नये. उबेला मुंग्या, पाली आणि उंदीर येतात. मागची उघडी फट जाळीने बंद करावी आणि जवळ बसून खाणे टाळावे. फार दिवस बंद असलेला, थंड झालेला संगणक एकदम सुरू करू नये. कोरड्या खोलीत काही तास ठेवून मग सुरू करावा.

वीज कडाडू लागली की नुसते बटण बंद करून भागत नाही. प्लग ओढून काढावा. इंटरनेट तांब्याच्या तारेने येत असेल, तर ती तारही काढावी. यू. पी. एस. विजेच्या लोळापासून वाचवू शकत नाही. घराचे अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे. त्यात संगणकापेक्षा माणसाचा जीव जास्त महत्त्वाचा आहे.

संसर्ग कसा होतो

आपल्याकडे सर्वांत मोठा वाहक म्हणजे पेनड्राइव्ह. डास जसा एका घरातून दुसऱ्या घरात ताप नेतो, तसा हा झेरॉक्सच्या दुकानातून शाळेत आणि शाळेतून घरी विषाणू नेतो. पेनड्राइव्ह उघडल्यावर सगळ्या फोल्डरांच्या जागी कोपऱ्यात बाण असलेली चित्रे दिसली, तर ती 'शॉर्टकट' विषाणूची खूण आहे. अशा चित्रावर टिचकी मारू नका. मारली की रोग आपल्या संगणकात शिरतो. घाबरून पेनड्राइव्ह फॉरमॅटही करू नका. आपल्या फायली बहुतेक वेळा तिथेच असतात, फक्त लपवलेल्या असतात. आधी विषाणूरोधक प्रोग्रॅमने पेनड्राइव्ह तपासावा. मग फोल्डरच्या 'व्ह्यू' या विभागात 'हिडन आयटम्स' वर खूण करावी, म्हणजे फायली दिसू शकतात. तरीही न दिसल्या, तर जाणकाराला दाखवावे. फायली दुसरीकडे उतरवून घेतल्यावर मगच फॉरमॅट करावे. छापण्यासाठी दुकानात कागद द्यायचा असेल, तर शक्यतो ई-मेलने पाठवावा, किंवा त्या कामापुरता वेगळा, रिकामा पेनड्राइव्ह ठेवावा.

दुसरा मार्ग फुकटच्या चोरट्या प्रोग्रॅमांचा. विकत घ्यायचा प्रोग्रॅम कोणी 'क्रॅक' करून फुकट देतो, तेव्हा तो आपल्यावर उपकार करत नसतो. असा प्रोग्रॅम चालवताना विषाणूरोधक बंद करायला सांगतात, यातच सगळे आले.

तिसरा मार्ग ई-मेल आणि व्हॉट्सअॅपचा. लग्नपत्रिका, वीजबिल, अनुदानाची यादी अशा नावाने येणारी फाइल नीट पाहावी. मोबाईलवर नावाच्या शेवटी 'एपीके' किंवा संगणकावर 'ईएक्सई' असेल, तर ती पत्रिका नाही, प्रोग्रॅम आहे. ओळखीच्या माणसाकडून आली तरी उघडू नये, कारण त्याचाच फोन आजारी पडलेला असू शकतो.

लस वेळेवर घ्या

१८९७ साली मुंबईत डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, तरी लोक लशीला बिचकतच होते. संगणकाच्या 'अपडेट'ची आज तीच गत आहे. 'अपडेट केले की संगणक बिघडतो' अशी समजूत असते आणि माणसे ते बंद करून ठेवतात. 'वॉनाक्राय'ने मे २०१७ मध्ये ज्या भोकातून प्रवेश केला, ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्येच दिली होती. ती ज्यांनी घेतली होती, त्यांच्या संगणकाला तो रोग त्या वाटेने शिवला नाही.

विंडोज ७ च्या सर्वसाधारण सुरक्षा दुरुस्त्या जानेवारी २०२० मध्ये आणि विंडोज १० च्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. विंडोज १० साठी मुदतवाढीची वेगळी नोंदणी केली असेल, तर गोष्ट निराळी. जुना संगणक फक्त लेखन, हिशेब आणि मुलांच्या अभ्यासासाठी वापरायला हरकत नाही. पण त्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत.

विंडोजमध्ये 'डिफेंडर' हा विषाणूरोधक मुळातच असतो. तो चालू आणि अद्ययावत असेल, तर घरच्या वापराला तो पुरेसा होतो. दुसरा विकत घेतला तरी चालेल, पण दोन दोन एकदम ठेवू नयेत. दोन डॉक्टरांची औषधे एकाच वेळी घेतल्यासारखे होते.

किल्ल्या आणि प्रती

सर्व कुलपांना एकच किल्ली कोणी करत नाही. पासवर्ड मात्र सगळीकडे एकच असतो. निदान ई-मेलचा आणि बँकेचा पासवर्ड वेगळा व लांब असावा. चार असंबद्ध मराठी शब्द एकापुढे एक रोमन लिपीत लिहिले, तरी चांगला पासवर्ड होतो. लक्षात राहत नसेल, तर वहीत लिहून कपाटात कुलपात ठेवा. घरातली वही चोरीला जाण्यापेक्षा एकाच पासवर्डाने सगळी खाती उघडली जाण्याचा धोका मोठा आहे. जिथे सोय असेल, तिथे मोबाईलवर संकेतांक येणारी दुहेरी तपासणी चालू करा.

आणि प्रती. शेतकरी सगळे बियाणे एका कणगीत ठेवत नाही. महत्त्वाच्या फायलींच्या तीन प्रती असाव्यात: एक संगणकात, एक वेगळ्या डिस्कवर आणि एक घराबाहेर, म्हणजे पुण्यातल्या मुलाकडे किंवा इंटरनेटवरच्या साठ्यात. प्रत घेऊन झाली की ती डिस्क संगणकापासून काढून ठेवावी. जोडलेली राहिली, तर खंडणीखोर विषाणू तिच्यावरच्या फायलीही कुलूपबंद करतो. तसा हल्ला झालाच, तर खंडणी भरू नये. भरून फायली परत मिळतीलच याची खात्री नसते. इंटरनेट तोडून डिस्क जपून ठेवावी. २०१६ साली युरोपातील पोलिसांनी कंपन्यांच्या साहाय्याने सुरू केलेल्या 'नो मोअर रॅन्सम' या संकेतस्थळावर काही विषाणूंच्या किल्ल्या फुकट मिळतात. आपल्या सरकारच्या 'सायबर स्वच्छता केंद्रा'नेही २०१७ पासून विषाणू काढण्याची साधने फुकट दिलेली आहेत.

लाल पडदा आणि धमकीचा फोन

'तुमच्या संगणकात पाच व्हायरस आहेत, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा', अशी सूचना भोंग्यासह येते. लक्षात ठेवा, कोणताही खरा विषाणूरोधक किंवा कंपनी पडद्यावर फोन नंबर देऊन बोलावत नाही. ते एक साधे पान असते. 'ऑल्ट' आणि 'एफ ४' एकदम दाबून ते बंद करावे. न झाल्यास संगणकाचे बटण दहा सेकंद दाबून धरावे. पुन्हा सुरू करताना 'मागची पाने उघडू का' असे विचारले, तर नको म्हणावे.

फोनवर कोणी 'एनीडेस्क'सारखा दूरून संगणक चालवण्याचा प्रोग्रॅम टाकायला सांगितले, तर फोन ठेवावा. पैसे मिळवण्यासाठी यू. पी. आय. चा पिन कधीच लागत नाही. तो फक्त देण्यासाठी लागतो. पोलीस, सी. बी. आय. किंवा न्यायालय व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही. 'डिजिटल अटक' नावाचा प्रकार आपल्या कायद्यात नाही.

पहिला तास

हृदयविकारात आम्ही डॉक्टर पहिल्या तासाला 'सोन्याचा तास' म्हणतो. फसवणुकीतही तेच. पैसे गेल्याचे कळताच १९३० या क्रमांकावर फोन करावा, बँकेला कळवून खाते व कार्ड गोठवावे आणि केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळत असतात. लवकर कळवले तर ते मध्येच अडवता येतात. संगणक इंटरनेटपासून तोडावा आणि पासवर्ड दुसऱ्या, निरोगी फोनवरून बदलावेत. संदेश आणि फोन नंबर पुसून टाकू नयेत, तो पुरावा असतो. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात, ग्राहकाचा किंवा बँकेचा दोष नसताना झालेली फसवणूक ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवली, तर त्याच्यावर नुकसानीचा भार नाही, असे म्हटले होते. संकेतांक स्वतःच दिला असेल, तरी कळवल्यानंतरचे नुकसान त्याच्या माथी नसते. म्हणून चूक कोणाची, हे ठरवत बसण्यापेक्षा आधी फोन करावा.

घरच्यांना दोन शब्द

शेवटी डॉक्टर म्हणून सर्वांत महत्त्वाचे. फसलेला माणूस मूर्ख नसतो. शिकलेले, मोठ्या पदांवर राहिलेले लोकही यात सापडतात, कारण भीती आणि घाई यांपुढे शिक्षण चालत नाही. फसल्यानंतर माणसाला लाज वाटते आणि लाजेपायी तो बोलत नाही. घरात जर 'तुम्हाला कोणी सांगितले होते हे करायला' असे ऐकावे लागणार असेल, तर वडील, आजी, सासरे सांगणारच नाहीत. त्यातून रक्तदाब, मधुमेह बिघडतो, झोप जाते. काही जणांच्या मनात जिवाचे बरेवाईट करण्याचे विचारही येतात. असा माणूस गप्प गप्प राहू लागला, जेवेनासा झाला, निरवानिरवीची भाषा करू लागला, तर त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे आणावे. केंद्र सरकारच्या 'टेलिमानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांकही यासाठीच आहे. तिथे आपल्या भाषेत बोलता येते.

आज रात्री जेवताना घरात एवढेच सांगून ठेवा: 'पैशाचा किंवा धमकीचा फोन आला, तर आधी मला सांगा. काहीही झाले असले तरी मी रागावणार नाही.' या वाक्याला खर्च काही नाही आणि याच्याएवढा चांगला विषाणूरोधक अजून बाजारात आलेला नाही.

कापून संगणकाशेजारी चिकटवा

१. बिघाडाचा मजकूर लिहून घ्या, मग दुरुस्ती.
२. वीज कडाडली की प्लग काढा.
३. अपडेट बंद करू नका.
४. बाहेरचा पेनड्राइव्ह तपासल्याशिवाय उघडू नका.
५. महिन्यातून एकदा प्रत घ्या आणि डिस्क काढून ठेवा.
६. संकेतांक, पिन, पासवर्ड कोणालाही नाही, बँकेच्या माणसालाही नाही.
७. पैसे गेले तर ताबडतोब १९३०. आणि घरात लगेच सांगा.